खरकटं काढा, विसळू नका

गेल्या वर्षी मे महिन्यात आई लातूरहून आमच्याकडे फ्रीमाँटला आली आणि पहिल्याच रात्री तिचं डिशवॉशरशी बिनसलं. जेवणं झाली होती. मी ताटं-वाट्या नळाखाली धरून विसळत होते आणि एकेक करून मशीनमध्ये लावत होते. आई शेजारी उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अगं, धुतलीस की सगळी! आता त्या कपाटात कशाला घालतीस?"

मी तिला समजावलं, की हे मशीन पाणी वाचवतं. ती काही बोलली नाही. मशीन सुरू झाल्यावर मात्र तिने त्याच्या दाराला कान लावला. आत सपासप पाणी उडत होतं. तासाभराने झोपायला जातानाही तो आवाज चालूच होता. "दोन-दोन तास आंघोळ करायलीत भांडी, आणि म्हणे पाणी वाचतं," असं म्हणून ती खोलीत गेली.

दुसऱ्या कुणी हा टोमणा मारला असता तर मी हसण्यावारी नेला असता. पण पाण्याच्या बाबतीत आईशी वाद घालायची माझी हिंमत नाही. आमच्या लातूरच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोनच गोष्टी लिहिलेल्या असायच्या, दुधाचा हिशोब आणि नळ आल्याची तारीख. आठ-दहा दिवसांनी नळ यायचा. मग हौद, ड्रम, घागरी, शेवटी परातीसुद्धा भरून ठेवायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, असा प्रत्येक बादलीचा पुढचा मुक्काम ठरलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात तर तेही पुरलं नाही. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचा आदेश निघाला होता. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवशी आई फोनवर सांगत होती आणि मी इथे थोरल्याच्या आंघोळीसाठी गरम पाणी यायची वाट बघत नळ तसाच सोडून उभी होते. फोनमधून तिला तो आवाज गेला असणार. ती म्हणाली काही नाही. मी नळ बंद केला, पण तो प्रसंग डोक्यातून गेला नाही.

लग्नाआधी तीन वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होते. जलचक्राचा धडा मला पाठ होता. त्यामुळे इथे आल्यावर आपल्या नळाला पाणी कुठून येतं हे मी आधी शोधून काढलं होतं. फ्रीमाँटच्या पाण्याचा काही भाग हेच हेचीचा आहे. योसेमिटीतल्या त्या धरणातून खाडीकाठच्या या गावांपर्यंत पाणी १६० हून अधिक मैल येतं. मिरज ते लातूर रेल्वेने साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात. म्हणजे दोन्हीकडचं पाणी लांबूनच येतं. इथे ते पाइपातून येतं म्हणून दिसत नाही, एवढाच फरक. आणि २०१५ मध्ये तर इथल्या गव्हर्नरांनीही दुष्काळामुळे शहरांचा पाणीवापर राज्यभर मिळून पंचवीस टक्क्यांनी कमी करायचा आदेश काढला होता. समोरच्या लॉनवरचं गवत तेव्हा लातूरच्या माळासारखंच पिवळं पडलं होतं.

तर, डिशवॉशर. वाद मिटवायला आम्ही प्रयोग करायचा ठरवला. शुक्रवारी रात्री आई तिच्या पद्धतीने भांडी घासणार, शनिवारी नुसतं मशीन, रविवारी मी नेहमी करते तसं. माणसं तेवढीच, स्वयंपाक साधारण तेवढाच. सिंकला बूच लावायचं आणि साचलेलं पाणी दुधाच्या रिकाम्या गॅलनने मोजून बाहेर काढायचं. मोजणीचं काम थोरल्याकडे. त्याने वहीत रकाने आखले.

आईने दोन टब घेतले. एका टबात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. आधी प्रत्येक ताटातलं खरकटं हाताने निपटून काढलं, मग घासलं, मग बुडवून काढलं. नळ दोनदाच सोडला. सगळं मिळून अकरा लिटर पाणी आणि पुसण्यासकट चाळीस मिनिटं. मशीनच्या पाण्याचा आकडा आम्ही त्याच्या पुस्तिकेतून घेतला. 'एनर्जी स्टार'वाल्या मशीनना एका फेरीला साडेतीन गॅलन किंवा त्याहूनही कमी पाणी लागतं, आमच्यालाही तेवढंच, म्हणजे तेरा लिटरच्या आसपास. लावायला सात मिनिटं. आणि मी? नुसतं विसळण्यातच माझं वीस-एकवीस लिटर गेलं. स्वयंपाकघराच्या नव्या नळाने मिनिटाला १.८ गॅलनपेक्षा जास्त पाणी सोडू नये असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे. ते साधारण पावणेसात लिटर होतात. तीन मिनिटं नळ चालू राहिला की झाले वीस. त्यावर मशीनचे तेरा वेगळेच.

थोरल्याने वही आजीला दाखवली. आईने चष्मा लावून आकडे वाचले आणि म्हणाली, "म्हणजे मशीन चांगलंय. तूच वाईट हैस."

त्या दिवसापासून मी भांडी विसळणं सोडलं. सिंकजवळ सिलिकॉनचं एक जुनं उलथणं ठेवलंय. त्याने ताट निपटायचं आणि तसंच मशीनमध्ये लावायचं. हल्लीच्या डिशवॉशर पावडरीत एन्झाइम असतात, ती चिकटलेलं अन्न तोडण्यासाठीच असतात. वरणाचा ओघळ, आमटीचा तवंग तसाच राहिला तरी चालतो. आठवडाभर विश्वास बसत नव्हता. कुकरचं भाताचं भांडं तेवढं आधी भिजत टाकावं लागतं, बाकी काही अडलं नाही. रोजची दहा-बारा मिनिटंही वाचली. खरं सांगायचं तर ही सवय टिकली ती पाण्यामुळे की या मिनिटांमुळे, हे मला सांगता येणार नाही.

हे मुद्दाम सांगतेय, कारण याआधी मी पर्यावरणाच्या नावाने बऱ्याच सवयी लावून घेतल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या बंद पडल्या. धाकटीच्या वेळी कापडी लंगोट वापरायचे ठरवले. ते चार महिने चालले, मग मला ताप आला आणि संपलं. रिठ्याचं पाणी उकळून घरचा साबण केला. त्याने नवऱ्याचे पांढरे शर्ट मळकट झाले आणि तो बिचारा महिनाभर तसेच घालून ऑफिसला गेला. मागच्या अंगणात कंपोस्टचा डबा केला, त्यात एका रात्री रकून घुसला. सकाळी केळीच्या साली शेजाऱ्यांच्या पायरीवर. बांबूचे ब्रश, बांबूचे टिशू, बांबूचे डबे यांवर किती डॉलर घातले ते मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. घरात चांगले प्लास्टिकचे डबे असताना ते टाकून बांबूचे आणणं यात पर्यावरणाचं काय भलं झालं, हा प्रश्नही मला उशिरा पडला. आमच्या आईने हॉर्लिक्सच्या बाटल्यांत तीस वर्षं डाळी ठेवल्या. लोणच्याच्या, सॉसच्या बरण्या धुऊन त्यात मसाले भरणं हे काम आम्हा देशी बायकांना कुणी शिकवायला नको.

ज्या सवयी राहिल्या त्यांच्याकडे बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. वर्गात खडू फळ्याजवळ असेल तरच मुलं फळ्यावर लिहितात. कपाटात ठेवला तर कुणी उठत नाही. घरातही तेच. उलथणं सिंकला टांगलेलं आहे म्हणून वापरलं जातं. कापडी पिशव्या गाडीच्या डिकीत नाही, पुढच्या सीटवर असल्या तरच दुकानात जातात. डिकीतल्या पिशव्या मी चार वर्षं दुकानाच्या बिलाच्या रांगेत उभी राहून आठवल्या आहेत. इथली दहा सेंटवाली जाडी प्लास्टिकची पिशवीही १ जानेवारी २०२६ पासून बंद झालीय, तेव्हा ज्यांच्या अजून डिकीत आहेत त्यांनी पुढे आणून ठेवाव्यात.

आता ओल्या कचऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरकामात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो असं माझं मत झालंय. अमेरिकेत कचऱ्याच्या डेपोत जे पुरलं जातं त्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा अन्नाचा आहे, जवळजवळ चौथा हिस्सा. तिथे हवा न लागता ते कुजतं आणि त्यातून मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. म्हणून तर कॅलिफोर्नियाने कायदा करून १ जानेवारी २०२२ पासून सगळ्या शहरांना ओला कचरा वेगळा गोळा करायला लावलं. आपल्या घरासमोरचा हिरवा डबा त्यासाठी आहे. त्यातून पुढे खत होतं, काही ठिकाणी वायूही काढतात.

तरी आपल्यापैकी बऱ्याच घरांत हिरव्या डब्यात फक्त गवत आणि पानं जातात. वास येतो, माश्या होतात, ही तक्रार मीही केलेली आहे. आईला मात्र हा डबा बघताक्षणी कळला. लातूरला आमच्या मागच्या दाराशी एक बादली असायची. भाजीची देठं, टरफलं, उरलेली भाकरी त्यात जायची आणि संध्याकाळी गल्लीतली गवळण येऊन म्हशीसाठी घेऊन जायची. "ही तुमच्याकडची म्हैसच की," असं आई त्या हिरव्या डब्याकडे बघून म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव म्हैस पडलंय. "म्हशीला घालून ये," म्हटलं की धाकटीसुद्धा सालं उचलून पळते. कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, कढीपत्ता, आंब्याच्या कोयी, पूजेचं निर्माल्य हे सगळं म्हशीला. निर्माल्यातला दोरा आणि प्लास्टिकची झिरमिळी आधी काढायची. वासावरचा इलाजही आईचाच. ओट्यावरच्या लहान डब्यात तळाला कागद घालायचा आणि मासे-कोंबडीचं जे काही असेल ते कागदात गुंडाळून, डबा न्यायचा दिवस येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायचं. तुमच्या शहरात कागदी पिशवी चालते की नाही, कंपोस्ट होणारं म्हणून विकलेलं प्लास्टिक चालतं की नाही, हे एकदा शहराच्या पत्रकात बघून घ्या. प्रत्येक गावचे नियम वेगळे आहेत.

पण म्हशीचं पोट भरणं हे काही आपलं ध्येय नाही. हे आम्हाला कळलं ते थोरल्याच्या दुसऱ्या प्रयोगामुळे. पाण्याच्या मोजणीची चटक लागल्यावर त्याने एक आठवडा ओल्या कचऱ्याचं वजन केलं, सालं-चोथा एका बाजूला आणि जे कधीकाळी खाता आलं असतं ते दुसऱ्या बाजूला. आठवड्याचं एकूण भरलं पाच किलो चारशे ग्रॅम. त्यातलं निम्मं दुसऱ्या बाजूचं होतं! मेथीची अर्धी जुडी, काळी पडलेली कोथिंबीर, घाऊक दुकानातून आणलेल्या पालकाच्या पिशवीचा तळ, दोन वाट्या भात, आणि रोज शाळेतून डब्यातच परत येणारं सफरचंद. मी स्वतःला काटकसरी बाई समजत होते.

यावर आम्ही फार काही केलं नाही. फ्रीजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर एक टोपली ठेवली. जे आज-उद्या संपायला हवं ते तिच्यात. पालक त्या मोठ्या पिशवीतून आणणं बंद केलं, स्वस्त पडतो तरी. सफरचंद अर्धंच द्यायला लागले. थोरल्याला डबा खायला वीसच मिनिटं मिळतात आणि अख्खं सफरचंद त्यात संपत नाही, हे त्याने मला दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आणि शुक्रवारी रात्री स्वयंपाक बंद. त्या दिवशी टोपलीत असेल ते खायचं. आधी मुलांनी शिळं म्हणून नाकं मुरडली. मग मी त्याला गोपाळकाला म्हणायला सुरुवात केली. फोडणीची पोळी, उरलेल्या वरणात पीठ मळून थालीपीठ, भाताचे वडे, मधेच चीज घातलेला एखादा अनोळखी पदार्थ. नावात काय नाही हो, सगळं नावातच आहे. आता गुरुवारी रात्री मुलं विचारतात, उद्या काल्यात काय आहे. चार महिन्यांनी थोरल्याने पुन्हा वजन केलं, तेव्हा ती दुसरी बाजू किलोच्या आत आली होती.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आमच्याकडे सगळं छान चाललंय. मधला एक महिना छान नव्हता, तेही सांगायला हवं.

आई परत गेली आणि शाळा सुरू झाल्या. एका रविवारी रात्री अकरा वाजता मी दिवाणखान्यात बसून कापडी नॅपकिनच्या घड्या करत होते. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दुसरी खेप होती. ओट्यावर कडधान्यं भिजत घालायची राहिली होती, म्हणजे सोमवारी कॅनमधले राजमे उघडावे लागणार होते आणि त्याचीही मला अपराधी टोचणी लागली होती. वर मुलं झोपली होती, नवरा लॅपटॉपवर होता, आणि त्याने तिथूनच विचारलं, "ते दह्याचे डबे निळ्या डब्यात जातात का काळ्या?" मी म्हटलं, "झाकणावर वाच." तो म्हणाला, "तूच सांग ना पटकन, तुला माहीत असतं."

त्या 'तुला माहीत असतं'वरून आमचं जे भांडण झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यातलं माझं म्हणणं लिहिते, कारण ते मला आजही पटतं. घरातला प्रत्येक इकोफ्रेंडली बदल कुणाच्या तरी वेळावर उभा असतो. पेपर टॉवेल फेकून देता येतो. नॅपकिन धुवावा, वाळवावा, घडी करून ठेवावा लागतो. ड्रायरमधून कपडे तासात निघतात, स्टँडवर घालायला आणि काढायला माणूस लागतं. आमच्या घरात हे माणूस मीच होते. मी नोकरी करत नाही, म्हणून ते आपोआप माझ्याकडे आलं. ज्या घरांत दोघंही नोकरी करतात तिथेही ते कुणाकडे जातं हे मी मैत्रिणींकडून ऐकते. ग्रह वाचवायचा म्हणजे घरातल्या एका बाईने रोज तासभर उशिरा झोपायचं, असा जर त्याचा अर्थ असेल तर मला ते मंजूर नाही. शिवाय ते टिकतही नाही. माझे कापडी लंगोट कशाने बंद पडले? ताप फक्त मला आला होता, पण घरात दुसऱ्या कुणाला ते धुवायची पद्धतच ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून कामं वाटली. 'मदत' हा शब्द वापरायचा नाही असं ठरलं. तिन्ही डबे आणि त्यांचे नियम हे नवऱ्याचं खातं. कुठला डबा कुठे हे आता मी त्याला विचारते, आणि खरोखर मला माहीत नसतं. त्याने ते अभ्यास करून शिकून घेतलं आणि मग आम्हालाच शिकवायला लागला. तेलकट पिझ्झाचा खोका निळ्या डब्यात नको, आमच्याकडे म्हशीला चालतो. देशी दुकानातल्या पिठाच्या, फरसाणाच्या मऊ पिशव्या निळ्यात अजिबात नकोत, त्या यंत्रात अडकतात. त्रिकोणात आकडा आहे म्हणून वस्तूचं पुन्हा काहीतरी होतंच असंही नाही. २०१८ पासून चीनने बाहेरचं टाकाऊ प्लास्टिक घेणं जवळजवळ बंद केलं, तेव्हा इथल्या निळ्या डब्यातलं बरंच काही कुठे जात होतं ते उघड झालं. त्यामुळे त्याच्या मते हॉटेलमधून जेवण मागवणं कमी करणं हाच उपाय. मी त्याला आठवण करून दिली की मग स्वयंपाक कुणीतरी करावा लागतो. सध्या बुधवारी तो खिचडी करतो.

डिशवॉशर लावणं मुलांचं, सुरू करणं नवऱ्याचं. तेही रात्री नऊनंतर. आमच्या प्लॅनमध्ये चार ते नऊ वीज महाग असते, कारण संध्याकाळी सगळी घरं एकदम जागी होतात आणि त्याच वेळी सौरऊर्जा मावळते. मग वायूवरची वीजकेंद्रं जास्त चालवावी लागतात. मशीनवर उशिरा सुरू व्हायचं बटण असतं. आमच्या मशीनवर ते सहा वर्षं होतं, दाबलं नव्हतं.

कपड्यांच्या बाबतीत मी माघार घेतली, आणि मला त्याची लाज वाटत नाही. धुणं सगळं थंड पाण्यात, कारण कपडे धुण्यात जी ऊर्जा जाते तिच्यातली बहुतेक पाणी तापवण्यात जाते, आणि थंड पाण्यात चालणारे साबण आता सगळीकडे मिळतात. पण वाळवताना चादरी आणि टॉवेल ड्रायरमध्ये जातात. विजेच्या ड्रायरला एका फेरीला दोन ते चार युनिट लागतात, मला ठाऊक आहे. मुलांचे टीशर्ट, कुडते, परकर मात्र बाहेर दोरीवर. आमच्या कॉलनीच्या एचओएचा कपडे वाळत घालायला विरोध असेल असं मी वर्षानुवर्षं गृहीत धरलं होतं. कॅलिफोर्नियात २०१६ पासून कायदाच आहे, की आपल्या खाजगी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला सरसकट बंदी करता येत नाही. वाजवी अटी घालता येतात. आई असताना तिने पहिल्याच आठवड्यात दोन कुंड्यांच्या मधे दोरी बांधली होती, कायदा न वाचता. धाकटीच्या पिवळ्या झालेल्या फ्रॉकवरचा हळदीचा डाग तिने ओला करून दिवसभर उन्हात ठेवला आणि संध्याकाळी डाग गायब! मी आधी तो फ्रॉक दोनदा गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये घातला होता. हळदीचा रंग उन्हात तुटतो, ते ऊन इथे फुकट आहे आणि जवळजवळ रोज आहे.

गॅरेजमधला दुसरा फ्रीज हा आपल्या देशी घरांचा नाजूक विषय, म्हणून थोडक्यात सांगते. आमचा होता, पंधरा वर्षांचा, आधीच्या मालकांनी सोडलेला. वर्षातून तीनदा पार्टीला उपयोगी पडायचा आणि बारा महिने वीज खायचा. मार्चमध्ये काढून टाकला. अजून एकदाही अडलेलं नाही. गणपतीत मोदकांचं सारण शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि त्यानिमित्ताने मोदक त्यांच्याकडेही गेले.

त्या रिकाम्या जागेत आता काय आहे ते मंडळातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी जेवणाच्या समितीत होते. कार्यक्रम सुंदर झाला. रात्री अकराला सभागृहाच्या मागे आम्ही चौघीजणी काळ्या पिशव्या ओढत होतो. पातळ प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या, तीन-तीन वाट्या, चमचे, आणि त्या सगळ्यात मिसळलेलं श्रीखंड, पुरी, मसालेभात. म्हशीला घालण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, सगळं कालवलं गेलं होतं.

मी बैठकीत सुचवलं, की प्रत्येकाने आपापलं ताट घरून आणावं. ते कुणाला पटलं नाही, आणि विरोध करणाऱ्यांचं बरोबर होतं. पैठणी नेसून, दोन मुलं घेऊन आलेल्या बाईने पाच खरकटी ताटं गाडीत कुठे ठेवायची? पुन्हा तोच प्रश्न, काम कुणाच्या गळ्यात पडणार. मग आम्ही चार घरांनी मिळून स्टीलची शंभर ताटं, दोनशे वाट्या आणि शंभर चमचे घेतले. ती सगळी आमच्या गॅरेजमध्ये, फ्रीज होता त्या जागी, खोक्यांत रचून ठेवलेली आहेत. धुवायला चार घरांचे चार डिशवॉशर. कोजागरीला आम्ही साठ माणसांचं जेवण त्यावर केलं. मागे कचऱ्याची एकच पिशवी निघाली, आणि एक हिरवी टोपली भरून सालं. पुरुषमंडळींनी ताटं निपटायला टेबल लावलं होतं. तिथे उलथणं घेऊन उभं राहायला मुलांची रांग लागली. तीन चमचे हरवले. पुढच्या महिन्यातल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला माणसं तीनशेच्या घरात असतील, तेवढी ताटं आपल्याकडे नाहीत. निम्मी मंडळी स्टीलवर आणि निम्मी कागदावर जेवली तरी या वर्षी चालेल असं समितीत ठरलंय. बिनथराच्या कागदी ताटल्या शोधायचं काम चालू आहे.

आईला फोटो पाठवला. तिने ताटांकडे बघितलं की नाही कोण जाणे, तिची नजर गॅरेजच्या कोपऱ्यातल्या नळाकडे गेली. "तो गळायलाय का?" असं तिने विचारलं. गळत होता. वॉशर बदलायला तीन डॉलर लागले.

बारसं, सत्यनारायण, डोहाळजेवण, वाढदिवस, कशासाठीही ताटं हवी असतील तर आमच्याकडून घेऊन जा. भाडं नाही. दोन दिवस आधी कळवा, म्हणजे खोके दाराशी आणून ठेवता येतील. मोजून घ्या आणि मोजून परत करा, चमचे विशेषकरून. आणि परत आणताना फक्त खरकटं काढून आणा. विसळू नका.